पाकिटावरची बाई

आमच्या मसाल्याच्या पाकिटावर आधी तीन लाल मिरच्या होत्या. कॉम्प्युटरवर आयत्या मिळतात तशा, एकीचा देठ दुसरीवर आलेला. भाईंदर पश्चिमेला घरातून मसाला विकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक बाईच्या पाकिटावर त्याच तीन मिरच्या असतात, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

आम्ही म्हणजे मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई. मी त्यांना ताई म्हणते. थोरले दीर गेल्यावर त्या रत्नागिरीकडचं घर बंद करून आमच्याकडे राहायला आल्या. पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी घरापुरता मसाला केला आणि तो सगळा बिल्डिंगनेच मागून नेला. मी तेव्हा अंधेरीच्या ऑफिसातली नोकरी नुकतीच सोडली होती. करायचा तो ताईंनी, विकायचा तो मी, अशी वाटणी न बोलताच झाली. ताईंना गिऱ्हाइकासमोर यायला आवडत नसे. मी सोसायट्यांच्या हॉलमध्ये, सणासुदीच्या प्रदर्शनांत टेबल मांडून बसायचे आणि त्या घरी पाकिटं भरायच्या.

एका प्रदर्शनात एक गृहस्थ तावातावाने आले. त्यांनी माझ्या टेबलावर अर्धं संपलेलं पाकीट ठेवलं आणि म्हणाले, "ह्यात खडे आहेत. बायकोचा दात दुखावला."

मी पाकीट हातात घेतलं. रंग आमचा नव्हता, वासही नव्हता. "हे आमचं नाही हो," मी म्हटलं.

"चित्र तर तेच आहे."

खरंच तेच होतं. तीन मिरच्या, देठावर देठ. आमचं नाव वेगळं होतं, पण नाव कोणी वाचलं होतं? आजूबाजूच्या बायका टेबलापासून हळूहळू सरकल्या. त्या दिवशी नंतर कोणी माझ्याकडे फिरकलं नाही. घरी येऊन ताईंना सांगितलं तेव्हा त्यांनी भरत असलेलं पाकीट खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "आपल्याला आपलं काहीतरी पाहिजे."

बाजाराच्या पुढे एका गल्लीत फ्लेक्स आणि लग्नपत्रिका छापणाऱ्याचं दुकान आहे. तिथला डिझाइन करणारा माणूस मला थोडाफार ओळखायचा. ताई पहिल्यांदाच अशा कामासाठी माझ्याबरोबर बाहेर पडल्या होत्या. त्याने आमचं पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं आणि बाजूला ठेवलं.

"काकी, मिरची सगळ्यांचीच आहे. तिला कोण ओळखणार? माणूस माणसाला ओळखतो. चेहरा टाका."

"कोणाचा?"

त्याने ताईंकडे पाहिलं.

"माझा नको," ताई लगेच म्हणाल्या.

"मग कोणाचाच नको. आपण एक बनवू."

काळ्या पाटीवर तो प्लास्टिकचं पेन फिरवायचा आणि रेषा स्क्रीनवर उमटायची. सुरुवातीला आम्ही सांगत होतो. केस चापूनचोपून, मागे अंबाडा. नाक जरा बसकं. वय झालेलं, पण थकलेली नको. डोळे उन्हात बघितल्यासारखे किंचित बारीक. कोणी काय सांगितलं ते आता मला वेगळं करता येत नाही. ताई एक बोलायच्या, मी दुसरं, आणि तो मान न उचलता काढत राहायचा. हनुवटीवर एका बाजूला तीळ आला. मग त्याने डोळे पुरे केले आणि पेन खाली ठेवलं.

"आता हात लावत नाही," तो म्हणाला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "कोण आहे ही?"

मी म्हटलं, "तुम्हीच तर काढलीत."

"हो. पण कोण आहे?"

मी ताईंकडे पाहिलं. मला वाटलं होतं, त्या आपल्या आईचं वर्णन करतायत. त्यांना वाटत होतं, मी माझ्या कोणाचं तरी करतेय. दुकानात पंखा फुल चालू होता आणि तरी आम्ही तिघंही त्या स्क्रीनसमोर घामेजलो होतो.

मग त्याने त्याचं खरं काम सुरू केलं. तो एकेक रेषा काढून टाकत गेला. म्हणाला, लोगो म्हणजे कमी करणं. सुरकुत्या गेल्या, केसांच्या बटा गेल्या, गळा गेला. मोजक्या रेषा उरल्या. त्याने ते चित्र लहान लहान करत नेलं, नखाएवढं केलं. "एवढी झाली तरी ओळखू आली पाहिजे," तो म्हणाला. नखाएवढ्या चेहऱ्यातूनही ती आमच्याकडे बघत होती.

स्टिकर छापून आले, पाकिटांवर लागले, आणि हॉलच्या कोपऱ्यात रचून ठेवलेल्या पाकिटांतून तो चेहरा ओळीने दिसायला लागला. ताईंनी त्यावर चादर टाकली. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "धूळ बसेल." मग जेवताना, ताटाकडे बघतच, "मागे कोणीतरी उभं आहे आणि आपण जेवतोय असं वाटतं. बस म्हणावंसं वाटतं."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

नवीन पाकिटं घेऊन मी पहिल्यांदा बसले ती आमच्याच रस्त्यावरच्या एका मोठ्या सोसायटीत. एक गुजराती बाई आल्या. त्या नेहमी येणाऱ्यांतल्या. पाकीट उचललं, चित्र पाहिलं आणि माझ्या मागे नजर टाकून म्हणाल्या, "वो आंटी नहीं आयी आज?"

"कौनसी आंटी?"

"ये." त्यांनी चित्रावर बोट ठेवलं. "पिछली बार आप के साथ बैठी थी ना."

मागच्या वेळी हे चित्र नव्हतं. मी तसं सांगितलं. ही कोणी खरी बाई नाही, नुसतं चित्र आहे, असंही सांगितलं. त्यांनी मान डोलावली, जशी आपण समोरचा विषय टाळतोय हे कळल्यावर डोलावतो तशी. "तबियत ठीक है ना उनकी?" त्यांनी विचारलं, आणि दोन पाकिटं घेऊन गेल्या.

हे एकीचं असतं तर मी विसरले असते. पण पुढच्या प्रदर्शनात आणखी कोणी विचारलं, त्यापुढच्यात आणखी कोणी. एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, मी तर ह्यांच्याकडूनच घेतो, त्या नेहमी चिमूटभर वास घ्यायला हातावर देतात. आम्ही कधीच कोणाच्या हातावर मसाला दिला नव्हता. विक्री वाढत होती. किराणावाले आपणहून पाकिटं मागायला लागले. मी डिझाइनवाल्याला हे सांगितलं तेव्हा तो खूश झाला.

"लोगो लागला, काकी. हेच पाहिजे. चांगला लोगो म्हणजे पहिल्यांदा बघितला तरी वाटतं आधी कुठेतरी बघितलाय."

ते त्याचं बरोबरच असणार. मी ताईंनाही तेच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तबियत कशाला विचारतात?"

एके दिवशी त्या गुजराती बाई परत आल्या आणि म्हणाल्या, आंटीने सांगितलं तसं केलं, खूप छान झालं. मी विचारलं, काय सांगितलं. त्या म्हणाल्या, मसाला आधी तेलात नाही घालायचा. सगळं शिजलं की गॅस बंद करायचा, मग वरून पसरायचा आणि झाकण ठेवून द्यायचं, ढवळायचं नाही.

आमच्या पाकिटामागे लिहिलं होतं ते वेगळं. ताई मसाला तेलात परततात, त्यांची आईही तसंच करायची. घरी सांगितल्यावर ताई वैतागल्या. "असं कोण करतं? कच्चा राहील." पण दुसऱ्या दिवशी त्यांनी बोंबलाचं कालवण तसं करून पाहिलं. आम्ही जेवलो. वास वेगळाच आला, समुद्राजवळच्या घरांत येतो तसा. ताईंनी एक घास खाल्ला, हात धुतला आणि उरलेलं माझ्या पानात वाढलं.

मी घाबरले ती मात्र एका साध्या गोष्टीने. एका हॉलचा वॉचमन सामान लावायला मदत करत होता. त्याने एक खुर्ची माझ्यासाठी मांडली, दुसरी उचलून विचारलं, "ये किसके लिये मॅडम? आप तो अकेली बैठती हो."

मी त्या खुर्चीकडे पाहिलं. ती मी घरून आणली होती. फोल्डिंगची, रिक्षात कशीबशी बसवून. मला आठवेना मी ती कधीपासून आणतेय. प्रत्येक वेळी टेबल लावलं की माझ्या डाव्या हाताला मी ती उघडून ठेवायचे आणि कोणी त्यावर पिशवी ठेवली तर उचलून खाली ठेवायचे. ताई कधीच येणार नव्हत्या हे मला माहीत होतं. मी वॉचमनला म्हटलं, राहू दे, सामान ठेवायला. त्या दिवशी मी त्या बाजूला एकदाही वळून पाहिलं नाही.

एक बाई आली ती त्यानंतर, भाईंदर पश्चिमेलाच, एका शाळेच्या मैदानात भरलेल्या बाजारात. माझ्याच वयाची, सलवार-कमीज, गळ्यात बारीक क्रॉस, खांद्याला ऑफिसची पर्स. टेबलासमोर येऊन उभी राहिली आणि बराच वेळ हललीच नाही. मी म्हटलं, "वास घेऊन बघा." तिने पाकीट उचललं नाही.

"ही माजी आय हाय," ती म्हणाली.

आवाज चढलेला नव्हता. बाजूच्या पापडवालीलाही ऐकू गेलं नसेल. मग ती शुद्ध मराठीत बोलायला लागली. "हा फोटो तुम्हाला कोणी दिला?"

मी म्हटलं, फोटो नाहीये, चित्र आहे, कॉम्प्युटरवर काढलेलं. ती म्हणाली, "माझी आई गेल्या वर्षी वारली. आम्ही उत्तनजवळ चौकला राहतो. ती इथे भाईंदरच्या मार्केटमध्ये मासे विकायला बसायची. कोणीतरी फोटो काढला असेल आणि तुम्ही तो लावला."

मी शपथ घेतली. डिझाइनवाल्याला फोन लावून दिला. त्यानेही तेच सांगितलं. तिने मोबाइलमध्ये आईच्या आधार कार्डाचा फोटो काढून माझ्यासमोर धरला. डोळे अर्धवट मिटलेली, रंग उडालेली कोणीही म्हातारी त्यात असू शकली असती. "आमच्याकडे तिचा दुसरा फोटोच नाही," ती म्हणाली. "लग्नकार्यात ती नेहमी चुलीपाशी. कबरीवर लावायला फोटो शोधला तर हाच. हा लावला तर तिला कोण ओळखेल?" आणि पाकिटाकडे बघत, "हिला सगळे ओळखतील."

मी तिला एवढंच विचारलं की तुमच्या आई मार्केटमध्ये कधीपर्यंत बसायच्या.

"गुडघे गेले तेव्हा सोडलं. खूप वर्षं झाली."

ताई भाईंदरला आल्या त्याच्या कितीतरी आधी. म्हणजे ताईंनी तिला पाहिलेलं असणं शक्य नव्हतं. मी लग्न होऊन इथेच आले, मासळी त्याच मार्केटमधून आणली. मी पाहिलं असेल. घेतलेही असतील मासे, घासाघीस केली असेल. पण मला एकही कोळीण चेहऱ्याने आठवत नाही. मला तराजू आठवतो, ओला हात आठवतो, टोपलीतला बर्फ आठवतो.

त्या संध्याकाळी मी ताईंना विचारलं, "तीळ कोणी सांगितला होता?"

"तू."

"मी नाही. मला वाटलं तुम्ही."

डिझाइनवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, तुमच्यापैकीच कोणीतरी बोललात, मी काय मनाने टाकेन का.

रविवारी त्या कोळणीच्या मुलीने आम्हाला चौकला बोलावलं. तिच्या वडिलांनी चित्र बघावं असं तिला वाटत होतं. ताई येणार नाहीत असं मी धरून चालले होते, पण त्या माझ्या आधी साडी नेसून तयार होत्या. आम्ही उत्तनची बस धरली. मिठागरं मागे पडली, चर्च गेलं, आणि चौकला उतरलो तेव्हा दुपारच्या उन्हात रस्त्यावर कोणी नव्हतं. बोंबील सुकवायच्या काठ्या रिकाम्या होत्या. घराच्या ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ खुर्ची टाकून बसले होते, पांढरा बनियन, पायाशी मांजर.

मुलीने त्यांच्या हातात पाकीट दिलं. त्यांनी ते उन्हात धरलं, डोळ्यांजवळ आणलं.

"न्हाय," ते म्हणाले. "ही ती न्हाय."

मला हायसं वाटलं, हे मी कबूल करते. मुलगी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला. अंगठा चित्राच्या हनुवटीवर ठेवला.

"तीळ ह्या बाजूला नव्हता. त्या बाजूला होता." मग त्यांनी पाकीट थोडं तिरकं धरलं. "पन आरशात अशीच दिसायची. ती केस विंचरायची तवा मी मागं असायचो. आरशात अशीच."

ताई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझं मनगट धरलं.

मुलीने आम्हाला आत चहा दिला. भिंतीवर केस विंचरायचा आरसा अजून होता, त्यावर ओढणी टाकलेली. ताईंनी तिला विचारलं, तुझी आई मसाला कधी घालायची, आधी की शेवटी. ती म्हणाली, "शेवटी. गॅस बंद करून. मार्केटमध्ये मासे घेणाऱ्या प्रत्येकीला सांगायची, मसाला जाळू नको, वरून टाक, झाकण ठेव. लोक हसायचे तिला." ताईंनी कप खाली ठेवला. आम्ही दोघींनी तिला गुजराती बाईंचं काही सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं मला माहीत नाही.

निघताना मुलगी दारापर्यंत आली. "ते चित्र काढून टाका," ती म्हणाली. "माझं तुमच्याशी भांडण नाही. पण रोज कोणीतरी तिच्या डोक्यावरून कात्री चालवणार. पाकीट संपलं की कचऱ्यात फेकणार. मी रस्त्यात एक पडलेलं बघितलं, त्यावरून स्कूटर गेली."

मी काही बोलायच्या आत ताई म्हणाल्या, "काढतो."

ते म्हातारे ओट्यावर तसेच बसले होते. पाकीट त्यांच्या मांडीवर होतं. ते आम्ही परत मागितलं नाही.

परत आल्यावर मी डिझाइनवाल्याकडे गेले आणि उलट्या तिळाचं सांगितलं. मग त्याने जुनी फाइल उघडली. "मी पलटवली होती," तो म्हणाला. "पहिली काढली ती दुसऱ्या बाजूला बघत होती. पाकिटावर बसवताना तिची नजर नावावर जात नव्हती, बाहेर जात होती. चेहरा ज्या बाजूला बघतो तिथे गिऱ्हाईक बघतं. म्हणून फिरवली. त्यात काय, सगळे फिरवतात."

स्क्रीनवर पहिलं चित्र होतं. तीळ म्हाताऱ्यांनी सांगितला त्या बाजूला. कोणीही न पलटवलेलं, आम्ही तिघांनी मिळून काढलेलं. मी त्याला ते बंद करायला सांगितलं.

नव्या स्टिकरवर नुसतं नाव छापलं, मोठ्या अक्षरात, लाल. चांगलं दिसत होतं. मसाला तोच, मिरच्या त्याच, कांडपाची गिरणी तीच. पहिल्याच आठवड्यात किराणावाल्याने सांगितलं की लोक पाकीट उचलतात आणि ठेवतात. "बोलते हैं, ये वो वाला नहीं है." मी नाव दाखवलं. तो म्हणाला, नाव मला कळतं, त्यांना बाई पाहिजे. एका बाईंनी घरून जुनं रिकामं पाकीट आणून नव्याच्या शेजारी ठेवलं आणि मला म्हणाल्या, हे नकली आहे. मी म्हटलं, अहो, दोन्ही मीच विकलीत तुम्हाला. त्या म्हणाल्या, चवच वेगळी आहे, तिखटाची ती चव नाही. आणखी दोघी-तिघींनी हेच सांगितलं. चव बदलली. ताई रोज चिमूट जिभेवर ठेवून बघायच्या आणि पुन्हा ठेवायच्या. एकदा तर नुकताच कांडून आणलेला डबा त्यांनी माझ्यापुढे केला. "बघ गं. काय कमी आहे?" काहीच कमी नव्हतं.

नवऱ्याने सुचवलं, दुसरा चेहरा काढून घ्या. मी डिझाइनवाल्याला विचारलंही. त्याने दोन-तीन काढले. सुंदर बायका होत्या. कोणी आमच्याकडे बघत नव्हतं.

पावसाळा संपत आला होता तेव्हा ती मुलगी आमच्या घरी आली. दारात चप्पल काढता काढताच तिने विचारलं, "ती पाकिटं उरलीत का?"

ताईंनी तिला बसवलं. ती म्हणाली, "बाबा रोज बसने भाईंदरला यायचे, हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं चर्चला जातात. मार्केटजवळ तो किराणावाला आहे ना, त्याच्या दुकानात यायचे. त्याने त्यांना स्टूल दिलं होतं. समोर तुमची पाकिटं. तासभर बसायचे आणि परत यायचे. तुम्ही स्टिकर बदलला तेव्हा त्यांनी दुकानदाराला विचारलं, ही कुठे गेली. तो म्हणाला, बंद झाली." ती थांबली. "आय गेली तेव्हा बाबा रडले न्हाय. मातीलासुद्धा न्हाय. आता रडतायत. म्हणतात, दुसऱ्यांदा गेली."

ताई उठल्या, आतल्या खोलीत नेऊन ठेवलेली चादरीखालची जुनी पाकिटं घेऊन आल्या. थोडी उरली होती. मुलीने एक हातात घेतलं.

"परत लावा," ती म्हणाली. "पण सरळ लावा. लोकांनी बघावी ती आमची आई बघावी, आरशातली नको."

"कात्रीचं काय?" ताईंनी विचारलं.

तिने पाकिटाच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं. "ती मार्केटमधलीच होती. घरात बसायला लागलं तेच तिला आवडलं नव्हतं."

डिझाइनवाल्याने कुरकुर केली. ही आता नावाकडे पाठ करून बसणार, म्हणाला. मग त्याने नाव उचलून दुसऱ्या बाजूला नेलं आणि ती पुन्हा नावाकडे बघायला लागली. पहिलं, न पलटवलेलं चित्र त्याने मोठं करून त्या मुलीला वेगळं छापून दिलं, कबरीसाठी. ते देताना त्याने ते कागदात गुंडाळलं आणि तिच्याकडे न बघता पुढे केलं.

गिऱ्हाइकं परत आली. सगळी नाही, पण बरीच. चवही परत आली, असं त्यांनी सांगितलं. बाई फिरली आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही. एक गोष्ट मात्र थांबली. आंटी कुठे आहेत, तबियत कशी आहे, असं पुन्हा कोणी विचारलं नाही. मी वाट बघत होते. शेवटी त्या गुजराती बाई आल्या तेव्हा मीच म्हटलं, "आप हमेशा आंटी का पूछती थीं."

"कौनसी आंटी?"

मी चित्रावर बोट ठेवलं. त्यांनी पाकिटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, काळजीने. "ये तो फोटो है ना?" त्या म्हणाल्या. मसाला कसा घालता, मी विचारलं. म्हणाल्या, वरून, गॅस बंद करून. कोणी शिकवलं? त्यांना आठवेना. आईने असेल.

नोव्हेंबरात, मेलेल्यांच्या दिवशी, आम्ही दोघी चौकला गेलो. कबरस्तानात फुलं आणि मेणबत्त्या, सगळं गाव तिथे. म्हातारे त्यांच्या बायकोच्या कबरीपाशी लाकडी पाटावर बसले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत होते. दगडावर मोजक्या रेषांचा तो चेहरा कोरला होता. ताईंनी झेंडूची फुलं वाहिली, हात जोडले. मग छातीवर क्रॉसची खूण करायची की नाही हे न कळून तशाच उभ्या राहिल्या. म्हाताऱ्यांनी त्यांना जागा करून दिली. त्या बसल्या. मी दूर उभी राहून बघत होते, आणि लांबून त्या तिघांत कोण कोणाशी बोलतंय ते सांगता आलं नसतं.

गेल्या महिन्यात मीरा रोडहून एक तरुण मुलगी आमच्याकडे आली. ती घरी लोणची करते, तिला लोगो करायचा होता आणि तुमचा लोगो कसा केला हे विचारायला आली होती. मी तिला जमेल तसं सांगितलं. बाजारात मिळतो तो आयता घेऊ नको, दुसऱ्याची चूक तुझ्या माथी येईल. रेषा कमी ठेव. लहान करून बघ, नखाएवढा झाला तरी ओळखू आला पाहिजे. लोकांना माल कळायच्या आधी चेहरा कळतो, आणि चेहरा गेला की मालही गेला असं वाटतं. ती सगळं मोबाइलवर टाइप करत होती.

"पण तुमच्या पाकिटावर ह्या कोण आहेत?" तिने विचारलं. "मी ह्यांना कुठेतरी भेटलेय."

मी ताईंकडे पाहिलं. त्या पाकिटं बंद करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"आमच्यातल्याच आहेत," त्या म्हणाल्या. "बस ना. चहा ठेवते."